चाळिसावी चकती

आमच्या चर्चमधला माणूस ओळखायचा असेल तर त्याचं पापनिवेदन ऐकायची गरज नाही. रविवारी पावणेनऊला दारात, माझ्या टेबलाशेजारी उभं राहावं. टेबलावर एक स्टीलचा डबा, एक पितळी पेला आणि एक चिमटा असतो. डब्यात ख्रिस्तप्रसादासाठीच्या पांढऱ्या चकत्या, रुपयाएवढ्या, पापडाहून हलक्या. ज्याला प्रसाद घ्यायचा त्यानं आत जाताना चिमट्यानं एक चकती उचलायची आणि पेल्यात टाकायची. मग पेला वेदीवर जातो आणि मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादर त्याच चकत्या वाटतात. माणूस एक, चकती एक. उरायला नको, कमी पडायला नको.

बायकोशी भांडून आलेला नवरा चिमटा आपटतो. ज्याचं मन साफ नाही तो चकती न टाकता, छताचे पत्रे मोजत आत सरकतो. आमचा ढोलकीवाला सिदू दर तिसऱ्या रविवारी असाच सरकतो. मी खाकरलो की म्हणतो, "मास्तर, तुमी धर्मशिक्षक हाव का सीआयडी?" ऐंशी पार केलेली भिवराबाई दोन चकत्यांचा चुरा करते, तिसरी टाकते, आणि वर मलाच बोलते, "कुठून आणतो रे असल्या? जरा बी दम न्हाई त्यात."

मी त्रिंबक. दिंद्रुडपासून सहा किलोमीटर आत आमची वस्ती आणि हे पत्र्याचं चर्च. फादर प्रविण दर रविवारी तालुक्याहून मोटारसायकलवर येतात, मिस्सा करतात, चहा घेऊन परत जातात. बाकी सहा दिवस चर्च माझ्या हवाली. सगळे आले की पेल्यात माझी चकती मी शेवटी टाकतो, आणि रांगेतही शेवटी उभा राहतो.

यंदा दसऱ्यानंतर प्रसाद घेणारे एकवीस जण ऊसतोडीला कर्नाटकात गेले. मागे राहिलो एकोणीस, मला धरून. आणि नेमकं तेव्हाच बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं. फादरांची संख्या अपुरी आहे. नाताळाआधीच्या चार रविवारी प्रसाद घेणारे किती ते कळवावं. चौथ्या रविवारी एक फादर स्वतः येऊन बघतील. चाळीस भरले तर ठीक, नाहीतर जानेवारीपासून मिस्सा महिन्यातून एकदाच.

"महिन्यातून एकदा?" भिवराबाई म्हणाली. "मी तोवर मेले मंजी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डबा माझ्या ताब्यात होता ना.

पहिल्या रविवारी मी पाच चकत्या जास्तीच्या टाकल्या. एकदम चाळीस दाखवले तर शेंबडं पोरही हसेल. आकडा कसा पायरीपायरीनं चढायला हवा. शिवाय मी हिशेबाचा माणूस. बेनामी काही टाकणं माझ्या हातून होत नाही. प्रत्येक चकती टाकताना एकेक नाव पुटपुटलो. शिवकन्या. तिचा नवरा धर्मराज. हनुमान. मनिषा. सुंदरबाई. माणसं आमचीच, फक्त गावाला गेलेली. याला खोटं म्हणत नाहीत, आगाऊ हजेरी म्हणतात. उरलेल्या पाच चकत्या फादर वेदीमागच्या पेटीत ठेवतील आणि कोणाला पत्ताही लागणार नाही, असा माझा अंदाज.

मिस्सानंतर पेला धुवायला घेतला. आत एकही चकती नव्हती.

"चोवीस," फादर प्रविण वहीत लिहीत म्हणाले. "रांग बरी होती आज, मास्तर."

दुसऱ्या रविवारी मी हिय्या करून सगळ्या एकवीस नावांच्या टाकल्या. पेला पुन्हा रिकामा. घरी जाताना माझी बायको वनमाला कुरकुरत होती. चर्चमधलं गाणं तिच्याकडे असतं. प्रसाद वाटून होईपर्यंत गाणं थांबवता येत नाही.

"दोन कडव्यात वाटून व्हायचं. आज पाच म्हणून बी फादरचं संपंना. हात भरून आले का त्यांचे?"

"तू बघितलं नाहीस पुढं?"

"मी वहीत बघू का फादरकडं?"

तिसऱ्या रविवारी मी बघितलं.

भिवराबाई प्रसाद घेऊन बाजूला झाली. आता माझी पाळी. मी पाऊल उचललं आणि तसाच थांबलो, कारण फादर माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या आणि त्यांच्या मधल्या तीन फूट मोकळ्या जागेत बघत होते. पेल्यातून चकती उचलली. "ख्रिस्ताचे शरीर." 'आमेन' म्हणायला लागतो तेवढा वेळ थांबले. हात पुढं गेला आणि मोकळा परत आला. जमिनीवर काही पडलं नाही.

पुन्हा चकती. या खेपेला हात वर गेला, पार त्यांच्या कपाळाच्या उंचीला. धर्मराज सहा फूट आहे. नंतरचा हात छातीखाली उतरला. सुंदरबाईला पोक आहे.

त्या मोकळ्या जागेतून वाळल्या पाचटाचा वास येत होता, आणि घामाचा, आणि आदल्या रात्रीच्या चुलीच्या धुराचा. मागे वनमालाचं चौथं कडवं चाललं होतं. मी बोटांच्या पेरांवर मोजलं. एकवीस.

माणसानं अशा वेळी घाबरायला हवं. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मुलांना परीक्षेचा पेपर आधीच कळल्यावर होतं तसं. चाळीस! आणि पावती द्यायला खुद्द फादर!

त्याच दुपारी शिवकन्येचा फडावरून फोन आला. ख्यालीखुशाली झाली, तरी ती ठेवेना.

"मास्तर, एक इचारू? हसू नका. रविवारी सकाळी आमच्या तोंडात कोरड्या पिठाची चव येती. टाळूला काय तरी चिकटतं. कावून?"

"किती जणांच्या?"

"समद्या एकवीस जणांच्या."

"भीती वाटते का?"

"न्हाई. लई हलकं वाटतं. पण मुकादम बोंबलतो. म्हणतो, धा मिंटं तुमी कोयता धरून नुसते उभे ऱ्हाता, हाक मारली तरी वळत न्हाई. त्या धा मिंटात आमी कुठं असतो?"

"मिस्साला," मी म्हणालो.

ती हसली. मग हसायची थांबली.

चौथा रविवार. सिदूनं दारावर झेंडूच्या माळा लावल्या, पोरांनी कागदी चांदण्या लटकवल्या, वनमालानं गाण्याच्या मंडळींना सकाळी सातलाच गोळा केलं. "मास्तर, आज मी छताकडं बघणार न्हाई," म्हणत सिदूनं चिमटा हातात घेतला आणि नवरदेवासारखी अदबीनं चकती टाकली. पाहुणे फादर जीपमधून उतरले. किडकिडीत, जाड चष्मा, खिशाला दोन पेनं. मिस्सा ते स्वतः करणार होते. फादर प्रविण बाकावर बसून टाचा हलवत होते.

हे पाहुणे फादर आमच्या लोकांना बघू शकतील का? एवढा एकच प्रश्न होता. लग्नात वरात दारात आल्यावर होतं तसं मला झालं होतं.

लोक टाकत गेले. मी एकवीस नावं घेतली, एकवीस टाकल्या. घंटा झाली. वनमाला पेला वेदीकडे न्यायला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी झटकन शेवटचं मोजून घेतलं.

एकोणचाळीस.

पुन्हा मोजलं. एकोणचाळीस.

"आटपा की! समदे बघायलेत!"

कोण राहिलं? यादी तर पूर्ण झाली होती. विचार करायला वेळ नव्हता. चिमट्यानं आणखी एक उचलली आणि टाकली. नाव घेतलं नाही. सुचलंच नाही.

चाळीस.

रांग पुढं सरकली. भिवराबाई बाजूला झाली. पाहुण्या फादरांचा हात मोकळ्या जागेत गेला, वर, खाली, पुन्हा वर. त्यांना दिसत होते! मी पेरांवर मोजत होतो आणि हसू दाबत होतो. अठरा. एकोणीस. वीस. एकवीस.

मी पुढं झालो.

फादरांनी माझ्यासमोरच्या मोकळ्या जागेत हात धरला. बरोबर माझ्या तोंडाच्या उंचीला.

"ख्रिस्ताचे शरीर."

"आमेन."

आधीचे एकवीस बोलले नव्हते. हा बोलला. घसा किंचित खरखरीत, शेवटचा 'न' नाकातून. चाळीस वर्षं या आवाजानं मी लोकांना दटावत आलोय.

तेव्हा आठवलं. माझी चकती मी शेवटी टाकतो. आज ती टाकलीच नव्हती. म्हणजे कमी पडलेला मीच होतो. आणि जी टाकली तिला मी नाव दिलं नाही.

"फादर," मी म्हणालो.

त्यांनी पेला पुसला आणि झाकून ठेवला.

"फादर, माझी राहिली."

ते माझ्यातून आरपार लोकांकडे बघत हसले. म्हणाले, "चाळीस! एकही कमी नाही. तुमचा रविवारचा मिस्सा बंद होणार नाही."

सिदूनं ढोलकीवर थाप मारली. भिवराबाई रडायला लागली. फादर प्रविण उभे राहिले. बायकांनी वनमालाला मिठ्या मारल्या.

"आणि हे तुमच्या मास्तरांमुळं," पाहुणे फादर म्हणाले.

सगळे वळले, आणि दाराकडे, माझ्या टेबलाशेजारी बघून टाळ्या वाजवायला लागले.

मी वेदीपाशी उभा होतो.

ते बाहेर पडेपर्यंत मी हाका मारत राहिलो. मग मीही बाहेर आलो. पायरीखाली एकही जोड उरला नव्हता. माझ्या चपलाही नव्हत्या.

रस्त्यावरच्या धुळीत माझ्या चपलांचे ठसे आमच्या घराकडे गेले होते. शेजारी वनमालाचे, अगदी खेटून. इतक्या जवळून आम्ही दोघं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच काय ते चाललो असू.