माणशी शंभर वॅट

“पटायचं नसेल तर आत्ताच बाहेर जाऊन बसा,” मी म्हणालो. “अख्ख्या सिंगापुरात घर तापवायची यंत्रणा बसवलेला माणूस एकच, आणि तो मी. हे आजवर कोणाला खरं वाटलेलं नाही. तुम्हालाही वाटणार नाही.”

उल्का खो-खो हसली. हसणारच. जूनमधली रविवारची दुपार, बाहेर तेहतीस डिग्री, आणि हौगांगच्या नवव्या मजल्यावर एक म्हातारा हीटरच्या गोष्टी सांगतोय.

सुरुवात मात्र तिनेच केली होती. ती आणि तिचा नवरा क्षितिज, माझ्या मुलाच्या, प्रबोधच्या ऑफिसातला, पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आले होते. मसालेभात अंगावर आला होता. हॉलमधला पंखा गरम हवाच फिरवत होता. उल्का घर बघत बघत माझ्या खोलीत शिरली आणि तिथेच थबकली.

“अय्या काका, इथे काय मस्त वाटतंय! आणि एसी तर बंद आहे.”

मग सगळेच माझ्या खोलीत आले. पाहुणे पलंगावर, प्रबोध खिडकीच्या कट्ट्यावर, माझी नात जाई जमिनीवर भिंतीला टेकून. सून सुमेधा दाराशी स्टूल घेऊन बसली. बाहेरची झळ नको म्हणून उल्कानेच दार लोटलं. क्षितिजची नजर भिंतीच्या कडेने गेलेल्या तांब्याच्या पाइपवर पडली. “हे काय काका, प्लंबिंग?” त्याने विचारलं, आणि मला तेवढं निमित्त पुरलं.

“बाबा, थोडक्यात हं,” प्रबोध म्हणाला.

“थोडक्यात सांगायला तो काय ईमेल आहे?”

तर ऐका. चिंचवडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मी बॉयलर हाउस सांभाळलं. थर्मामीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे मी तिथे शिकलो. स्वतः थापा मारायलाही तिथेच शिकलो, पण आकड्यांत कधी थाप मारली नाही. बॉयलरच्या बाबतीत तसं केलं तर माणसं मरतात.

बायको गेल्यावर प्रबोध मला इकडे घेऊन आला. ही खोली मला दिली. प्रबोध-सुमेधा सकाळी तांजोंग पगारला ऑफिसात, जाई शाळेत, आणि मी दिवसभर इथे पुस्तक घेऊन पडलेला. जानेवारीत मला थंडी वाजायला लागली. आधी बोटं गार पडली, मग गुडघे. मी कपाटातून स्वेटर काढला. आठवड्याने माकडटोपी काढली.

“सिंगापूरमध्ये माकडटोपी?” क्षितिज म्हणाला.

“ती बघ, खिळ्याला टांगलीय अजून.”

“शाळेतल्या फ्रेंड्सना फोटो दाखवला तर दे ऑल लाफ,” जाई म्हणाली. “सो एम्बॅरसिंग लाह.”

प्रबोध मात्र हसला नाही. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, हृदय तपासलं. सगळं ठणठणीत. तेव्हा त्याचा चेहरा जास्तच उतरला, कारण मग उरलं डोकं. “बाबा, तुम्ही पुण्याला जाऊन नीट ट्रीटमेंट घ्या,” तो म्हणाला. वीस फेब्रुवारीचं तिकीट काढलं. पुण्यात कोण होतं? कुलूप होतं. मला तिकडे पाठवलं तर मी परत येणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. दोघांनीही ते तोंडाने म्हटलं नाही.

मग मी माझं काम केलं. जाईच्या सायन्स किटमधला थर्मामीटर घेतला. हॉलमध्ये तीस डिग्री, स्वयंपाकघरात एकतीस, माझ्या खोलीत चोवीस. एसीचा स्विच विजेच्या मुख्य बोर्डावरूनच पाडला. तरी चोवीस. भिंतींना हात लावून पाहिला, त्या कोमट होत्या. फरशीही कोमट. गारवा भिंतीतून येत नव्हता, हवेतच होता, आणि तोही सगळीकडे सारखा नव्हता. पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीजवळ एक खुर्ची आहे ना, तिच्यापाशी सर्वांत जास्त. जमिनीपासून दीड फूट ते चार फूट. त्याच्या वर नाही, खाली थोडासा.

“खुर्चीवर कोणी बसलं तर जेवढी जागा घेईल, तेवढा,” मी म्हणालो.

उल्का त्या खुर्चीकडे बघायला लागली. खुर्चीवर माझा टॉवेल वाळत होता.

आता एक गोष्ट तुम्हाला शाळेत शिकवली नसेल. स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॅट उष्णता टाकतो. जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. एखाद्या सभागृहाचा एसी किती टनांचा हवा ते काढताना माणसं मोजावी लागतात, माणशी शंभर वॅट धरून. मी वही घेऊन बसलो. खोली रिकामी ठेवली की पारा उतरायचा. मी आत बसलो की थांबायचा, जिथे असेल तिथे. शाळेतून आल्यावर जाई शेजारी येऊन बसली की चढायचा. तीन दिवस हेच. रिकामी असली की उतरतो, एक माणूस असला की स्थिर, दोन असले की चढतो.

“म्हणजे खोली रिकामी असताना उणे शंभर वॅट,” क्षितिज म्हणाला. तो आता हसत नव्हता.

“उणे एक माणूस,” सुमेधा दाराजवळून म्हणाली. विमा कंपनीत आकड्यांचं काम करते ती. तिला हे चार महिन्यांपूर्वीच ठाऊक होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आजारी नाही. मी दिवसभर इथे बसून कोणाची तरी शेगडी झालो होतो.

शनिवारी प्रबोधला खोलीत बसवलं आणि वही दाखवली. तासाभराने तो बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे होते. तिकीट त्याने त्याच संध्याकाळी रद्द केलं.

“आणि तुम्हाला भीती नाही वाटली, काका?” उल्काने विचारलं. तिने ओढणी दोन्ही खांद्यांवर घेतली होती.

खरं सांगू? लाज वाटली. आमच्या बॉयलर हाउसची मागची भिंत कायम गरम असायची. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कोणी ना कोणी तिला पाठ लावून उभं असायचं. कोणत्या खात्याचा, पास आहे का, कामावर का गेला नाहीस, हे आम्ही कधी विचारलं नाही. भिंतीला टेकलेल्याला नाव विचारायचं नाही, एवढा एकच नियम मी चौतीस वर्षं पाळला. आणि इथे एक जण दीड महिना माझ्यासमोर कुडकुडत बसला होता, आणि मी त्याच्यासमोर टोपी घालून पेपर वाचत होतो.

सामान घ्यायला खालच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा चिनी गृहस्थ. तो मला अंकल म्हणतो, मी त्याला अंकल म्हणतो.

“एअरकॉन पाइप?”

“नो अंकल, हीटिंग.”

“हीटिंग? अंकल, धिस सिंगापूर लेह!” शेजारच्या गिऱ्हाइकालाही त्याने ते सांगितलं. दोघं पोटभर हसले. “हीटिंग फॉर हू?”

“समवन इज फीलिंग कोल्ड,” मी म्हणालो. “आय डोन्ट नो हू.”

त्याचं हसू हळूहळू ओसरलं. त्याने पुन्हा काही विचारलं नाही. दहा मीटर पाइप मोजून कापला, आणि उरलेलं वेटोळं तसंच हातात धरून उभा राहिला.

“टेक मोअर,” तो म्हणाला. “लेटर नॉट इनफ.”

मी नको म्हटलं. “नेव्हर माइंड. आय कीप फॉर यू,” म्हणत त्याने वेटोळं काउंटरखाली सारलं.

पाणी फिरवायला माशांच्या टाकीचा पंप घेतला. पाणी तापवायला पुण्याहून आणलेला रॉड, पाचशे वॅटचा. एका स्टीलच्या डब्यात रॉड, डब्यातून पाइप, खोलीला तीन बाजूंनी फेरा, परत डब्यात. एकोणतीसला बंद होणारा थर्मोस्टॅट, आणि चालू असताना पेटणारा लाल दिवा. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी डब्याला हळद-कुंकू लावलं, खिडकीच्या कट्ट्यावर नारळ फोडला, आणि बटण दाबलं.

पाइप तापताना टिकटिक करतो. ती टिकटिक भिंतीभिंतीने पुढे सरकत खिडकीशी गेली. खुर्चीपाशी थांबली. आणि मग एक आवाज आला. पावसात भिजून आलेला माणूस गरम चहाचा पहिला घोट घेतल्यावर सोडतो ना, तसा.

खोलीत कोणी हललं नाही.

“पुढे?” क्षितिज म्हणाला.

पुढे काय, झकास. खोली रिकामी असताना दिवा तासातून बारा मिनिटं लागायचा. पाचशेचा पाचवा हिस्सा शंभर. हिशोब एका माणसाचा, चोख. माझी थंडी गेली. टोपी खिळ्याला लागली. मी इकडे, ते खुर्चीत. मी पेपर मोठ्याने वाचायला लागलो. मराठी कळत असेल-नसेल.

सुमेधाला मात्र झोप येईना. “तुमचं खरं असेल तर मी जाईला या घरात ठेवणार नाही,” ती म्हणाली, आणि बुकित तिमाहला एक कॉन्डो, खाजगी सोसायटीतला फ्लॅट, बघून आली. दोन बेडरूमचा. एक त्यांची, एक जाईची. मी मोजायला शिकलेला माणूस. मला दोनपुढे मोजावं लागलं नाही.

“बाबा, तसं नव्हतं,” प्रबोध म्हणाला.

“मी कुठे काय म्हणतोय? मार्चमध्ये दिवा जरा जास्त वेळ लागायला लागला, पण ते आपलं, रॉडवर क्षार बसतात—”

“किती वेळ?” सुमेधाने विचारलं.

“अं?”

“किती मिनिटं, बाबा?”

“चोवीस.”

“म्हणजे दोन.”

“क्षार गं! इथलं पाणी—” मी घाईने पुढे गेलो. गोष्ट शेवटाला आणलेली बरी असते. तर एप्रिलमध्ये एक दिवस दिवा लागलाच नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. खुर्चीपाशी हात फिरवून पाहिला, हवा कोमट. ऊब मिळाली, अंग शेकलं, आणि गेलं ते माणूस आपल्या वाटेने. मी त्याच दिवशी रॉड काढून ठेवला. पाइप राहिलाय तो नुसता शोभेला. सुमेधाने कॉन्डोवाल्याला नको म्हणून कळवलं, आणि आम्ही सगळे इथेच—

“आजोबा,” जाई म्हणाली, “पाइप हॉट आहे.”

तिने पाय आखडून घेतला होता.

“ऊन लागत असेल.”

पडदा ओढलेला होता. प्रबोधने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

उल्का दोन्ही दंड चोळत होती. ती केव्हापासून चोळत होती, कोण जाणे.

सुमेधा उठली. पलंगाला वळसा घालून खिळ्यापाशी गेली आणि माझी माकडटोपी काढून हातात घेतली.

टोपीखाली लाल दिवा पेटलेला होता.

डब्यात पाण्याचा बारीक आवाज येत होता. तो पहिल्यापासून येत होता. सगळ्यांना आत्ता ऐकू आला.

“थाप मारायची तर नीट मारावी, बाबा,” सुमेधा म्हणाली. आवाजात राग नव्हता. “दिवा झाकलात, थर्मोस्टॅटचा काटा कुठे झाकलात? आपण बसल्यापासून टोपीच्या लोकरीतून लाल दिसतंय. एकदाही विझलं नाही.”

मी टोपीसाठी हात पुढे केला.

“रॉडचे पाच. आपण सहा. दार बंद, एसी बंद, बाहेर तेहतीस. आणि इथे एकाच्याही कपाळावर घाम नाही.”

तिने टोपी घडी करून माझ्या मांडीवर ठेवली, आणि स्टुलाकडे परत गेली.

“अकरा आहेत,” ती म्हणाली.

मग थर्मोस्टॅटच्या काट्याकडे तिने पुन्हा पाहिलं. तो एकोणतिसाच्या खाली सरकत होता. ती खाली बसली नाही. दारातलं स्टूल उचलून तिने भिंतीला लावलं, वाट मोकळी केली, आणि हळूच म्हणाली, “पाइपचं ते वेटोळं उद्याच घेऊन या, बाबा.”