भरलं का रे?

करंट गेला म्हणून एवढा हैदोस कशाला, मणी? तो फोनचा उजेड बंद कर आधी, डोळ्यांत खुपतोय माझ्या. दिव्यश्री, तू इकडे माझ्याजवळ ये, ओट्यावर. पाय झाकून बस, डास फार झालेत. भुताचं सांगा, भुताचं सांगा म्हणून डोकं खाल्लंत ना? ऐका मग. पण मी रचून सांगत नाही हं. आपला मुरली आहे ना, इन्शुरन्समधला, त्याच्यावर गुदरलेलं आहे हे. समोर बसून त्यानं स्वतः सांगितलं, आणि सांगता सांगता पोरासारखा रडला.

गेल्या पेरुक्कूची, नदीच्या नव्या पाण्याच्या सणाची रात्र. तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस, रविवार होता, साडेआठचा सुमार. मुरली कंडियूरला मेहुण्याकडे, शेषगिरीकडे, गेला होता. काम काय, तर सासूबाईंचा चष्मा दुरुस्त होऊन आला होता, तो पोचवायचा. चष्मा दिला, दोन डोसे खाल्ले आणि तंजावूरला परत निघाला. एकटाच. गाडी ती विजेवरची, पांढरी. पडद्यावर एकाहत्तर टक्के चार्ज दिसत होता.

थांबा, त्या गाडीचं आधी सांगायला हवं.

गाडी नवी घेतली तेव्हा मुरलीची ताराआत्या हयात होती. आई लवकर गेली त्याची, आत्यानंच वाढवलं. शेवटपर्यंत नऊवारी नेसायची बाई. दर पेरुक्कूला, कावेरीला नवं पाणी आलं की, तिरुवैयारूला जाऊन बुडी मारायची, नदीला चित्रान्नाचा, लिंबाच्या भाताचा, नैवेद्य दाखवायची. टाउन बसनं जायची, कुणाला त्रास नाही. पण त्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. म्हणाली, "मुरली, तुझ्या नव्या गाडीतून नेशील का रे मला नदीला?"

आणि मुरलीच्या मनात काय आलं, सांगू? सीट! क्रीम रंगाची नवी कोरी सीट. आत्या ओल्या लुगड्यानं तिच्यावर बसणार, तेलकट डबे ठेवणार. तो म्हणाला, "आत्या, गाडीत चार्ज नाही."

साफ खोटं. आदल्या रात्रीच भरून ठेवली होती. आत्या म्हणाली, "मग भर की. थांबते मी." आता आली का पंचाईत! यानं वायर गाडीला जोडली, पण भिंतीवरचं बटण दाबलंच नाही. ती आपली पुढच्या पायरीवर बसली, मांडीवर चित्रान्नाचा डबा घेऊन. थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची, "भरलं का रे?" आणि हा आत पंख्याखाली लोळत ओरडायचा, "नाही गं अजून!" नागलक्ष्मी माहेरी गेलेली. ती असती तर नवऱ्याचे कान धरले असते तिनं.

असा अख्खा दिवस गेला. संध्याकाळी भिंतीला टेकून आत्याचा डोळा लागला. याला मित्राकडे जेवायला जायचं होतं. त्यानं हळूच गाडी बाहेर काढली. आवाज कुठं असतो त्या गाडीला? रात्री परत आला तर आत्या जागी. डबा मांडीवर तसाच. म्हणाली, "भरलं वाटतं. बरं झालं. आता पुढल्या वर्षी जाऊ हं आपण."

टोमणा नव्हता तो, पोरांनो. तिला खरंच वाटलं की गाडी उशिरा भरली. पुढच्या महिन्यात, विनायक चतुर्थीच्या आधीच, ती गेली. मुरलीनं ही गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नाही. सांगणार तरी कसा?

"किती दुष्ट, ताता," म्हणतेस? अगं, आजोबाला काय सांगतेस, तो स्वतःला याहून वाईट बोलतो.

तर आता हा पुढल्या वर्षीचा पेरुक्कू. दिवसभर त्यानं नदीचं नाव काढलं नव्हतं. कंडियूर मागं पडलं, वेण्णारचा पूल आला. नदी तुडुंब. पुलाच्या मध्यावर गाडी आली आणि... गेलं. सगळं एकदम गेलं. पुढचे दिवे, पडदा, एसी. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. गाडी आपल्याच वेगानं जरा सरकली, कठड्याजवळ थांबली.

छोटी बॅटरी गेली असणार, म्हणतोस ना मणी? बारा व्होल्टची? असेल बाबा. मुरलीलाही तेच वाटलं. त्यानं बटण दाबलं. परत दाबलं. काही नाही. खाली पाण्याचा आवाज, बाकी चिटपाखरू नाही. उतरून ढकलावी म्हणून त्यानं दाराला हात घातला.

टिंग.

त्या काळ्याठिक्कर पडद्यावर एक दिवा लागला. एकच. लाल. मागच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की लागतो ना, तो.

टिंग...

मुरलीचा हात दारावरच राहिला. पिशवी ठेवली होती का मागं? नव्हती. काहीच नव्हतं.

टिंग...

मग वास आला. हिंगाच्या फोडणीचा. लिंबाचा.

त्यानं आरशात पाहिलं नाही. मान ताठ. घाम नाकावरून खाली... पुसायलाही हात उठेना.

"भरलं का रे?"

अगदी तिचाच आवाज. पायरीवरून यायचा तसाच. थकलेला, पण राग नाही.

आणि बघा हं माणसाची जीभ. वर्ष उलटलं, ती मेली, हा भीतीनं अर्धा झालेला. तरी तोंडून काय निघावं?

"नाही गं... अजून."



टिंग...

"बरं. थांबते मी."

तिथं मुरलीचा बांध फुटला. स्टिअरिंगवर डोकं आपटून ओरडला, "भरलेलं होतं, आत्या! तेव्हाही भरलेलं होतं! मी बटणच दाबलं नव्हतं. सीट खराब होईल म्हणून... एका सीटसाठी, आत्या..."



दिवे लागले. पडदा लागला. एकाहत्तर टक्के. लाल दिवा मात्र तसाच.

त्यानं गाडी वळवली. घराकडे नाही, तिरुवैयारूकडे. कंडियूर परत आलं, मेहुण्याचं घर गेलं, थांबला नाही. टिंग, टिंग, सबंध वाटभर. घाटावर पोचला तेव्हा माणसं घरी गेली होती. पायऱ्यांवर फुलं, केळीची पानं, विझलेला कापूर. पाणी वरच्या पायरीला लागलेलं.

तो उतरला. नजर खाली. मागचं दार उघडलं आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, म्हाताऱ्या माणसाला उतरायला वेळ लागतो तसा. कुणी दिसलं नाही. पाऊल वाजलं नाही. पाण्यात तेवढं... एकदा डुबुक् झालं. मासा असेल.

किती वेळ उभा होता, त्याला सांगता येत नाही. मग दार लावलं, आत बसला. लाल दिवा गेला होता. कसाबसा घरी आला.

दार नागलक्ष्मीनं उघडलं. त्याच्याकडे बघून म्हणाली, "नदीवर गेला होतात? सांगायचं तरी! आणि हा कुणी बांधला?"

"काय?"

तिनं त्याचा हात वर धरला. मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याच्या आत, हळदीचा पिवळा दोरा. पेरुक्कूची पूजा झाली की घरातली थोरली बाई नदीकाठीच सगळ्यांना बांधते, तो. तीन गाठी मारलेल्या. मुरली घाटावर कुणाशी बोलला नव्हता. दारावरचा हात काढला नव्हता.

मला म्हणाला, "काका, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. मी झोपलो असतो रात्री."

परवा हे सगळं सांगून तो गेला. बाहीचं बटण लावलेलं, दोरा काही मला दाखवला नाही. मी त्याची खुर्ची आत घ्यायला गेलो, तर त्यानं मनगट टेकलं होतं तिथं, खुर्चीच्या हातावर, पिवळा डाग. पेरुक्कू होऊन किती महिने झाले, तुम्हीच मोजा. मी बोट लावून पाहिलं.

हळद ओली होती.