रंगवलेला ठोकळा

बोटीच्या फळीतून तांब्याची वायर लोंबताना दिसली आणि लतिकाने ती उगाचच ओढली. बाबांचा डबा द्यायला आली होती, तेवढा देऊन मुकाट परत जायचं ना! खालून आवाज आला, "अहो काका, हळू... हात आहे माझा तिथे."

"काका जेवायला बसलेत," ती वाकून म्हणाली. "मी त्यांची मुलगी."

बोटीखालून ग्रीसने माखलेला एक चेहरा बाहेर आला आणि बघतच राहिला. तो उमंग, तुळिंजचा, बोटींचं वायरिंग करणारा. मासेमारीच्या पावसाळी बंदीत अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोटी वर ओढल्या, की त्याला उसंत नसे.

दुसऱ्या दिवशी वायरचं टोक धरायला लतिकाच. माणिकपूरच्या ऑफिसला तिने सुट्टी टाकली आणि बाबांना, म्हणजे शत्रुघ्न नाखव्यांना, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशीही दुखलं. कसलं मेलं ते दुखणं! इंजिन, पाण्याखालचा पंखा, सुकाणू, सगळं लोखंड-पितळ वायरने एकमेकांना जोडायचं आणि शेवटी बोटीला बाहेरून बसवलेल्या जस्ताच्या ठोकळ्याला. मग खारं पाणी बाकीच्यांना सोडून जस्तच कुरतडत बसतं, असं उमंगने समजावलं.

"म्हणजे या बिचाऱ्याला मरायलाच ठेवलाय."

"मरायला नाही गं... झिजायला." तो थांबला. "लतिका, माझ्याशी लग्न करशील?"

 तिचा जीव तर कधीच जडला होता. पण आई गेल्यापासून बाबांना तिच्याशिवाय होतं कोण? तिला वेळ हवा होता, आणि ते सरळ सांगायचं सोडून तिला चेष्टा सुचली.

"हा अर्धा झिजू दे... मग मी फोन करते. तोवर तू करायचा नाहीस."

"शिमग्यापर्यंत झिजतो," उमंग हसला. "नाही आला फोन, तर समजेन मी."

नारळी पुनवेआधी रीतीप्रमाणे बोट रंगवली. लतिकाने तो ठोकळाही हौसेने निळा केला, चांगले दोन हात देऊन. उमंगने बसवलेला तो! सगळी बोट नटत असताना तोच उघडा कसा ठेवायचा?

मग ओहोटीला बोट टेकली की ती खाली वाकून बघायची. ठोकळा जसाच्या तसा. दिवाळी गेली, नाताळ गेला. बाबांचं मन वळवायला तिला तेवढा वेळ पुरला. "जा गो पोरी, मी माजा पानी भरीन," म्हणून ते समुद्राकडे तोंड करून बसले. आता फक्त ठोकळा झिजायचा राहिला होता. शिमगा आला तरी तो झिजला नाही. समुद्राला यंदा घाई नसेल, अशी वेडी स्वतःची समजूत घालत राहिली.

पुन्हा बंदी आली, बोट वर ओढली. पंख्याला भोकं पडली होती, म्हणून बाबांनी उमंगला बोलावलं. तो आला तेव्हा त्याच्या तळहातावर मेंदी उतरत आली होती. लतिकाने ती पाहिली आणि तिथेच वाळूत बसली.

उमंगने ठोकळ्याला नख लावलं. निळा पापुद्रा सुटला, खाली जस्त कोरं करकरीत.

"रंग कुणी लावला?"

"मी... छान दिसावा म्हणून."

"रंगाखाली झिजत नाही गं ते." त्याने पापुद्रा बोटांत चुरगळला. "मीच सांगायला हवं होतं. शिमग्याला रात्रभर फोन उशाशी घेऊन पडलो होतो मी."

"मी हो म्हणणार होते, उमंग. कधीपासून..."

त्याने रंगलेला ठोकळा काढून टाकला. नवा ठोकळा बसवताना वायरचं टोक तिनेच धरलं. काम संपल्यावर त्याने खालून हळूच एकदा ओढलं आणि तिने टोक सोडून दिलं.

त्या वर्षी लतिकाने सगळी बोट रंगवली, ठोकळा तेवढा उघडा ठेवला. शिमग्याच्या ओहोटीला ती खाली वाकली. ठोकळा बरोब्बर अर्धा झिजला होता. हातात फोन होता, नंबर पाठ होता. पाणी घोट्यापर्यंत चढलं, तशी ती फोन पर्समध्ये टाकून घरी गेली.