राही ओ देते

मी लोट्याच्या एमआयडीसीमागच्या एका वाडीत अंगणवाडी सेविका आहे. गेल्या जानेवारीत तेजस्वी आपल्या मुलीला, राहीला, घेऊन आली. तेजस्वी आणि तिचा नवरा रितेश दोघंही कंपनीत, उलटसुलट शिफ्टला. एक कामावर गेला की दुसरा झोपलेला. त्यामुळे राही बसायला लागल्यापासून मोबाईलसमोरच वाढली होती.

तीन वर्षांची झाली तरी ती एक शब्द बोलत नव्हती. नावाने हाक मारली तर मान वळवत नव्हती. खेडला डॉक्टरांनी कान तपासले. कानांत काही दोष नव्हता. "मोबाईल पूर्ण बंद करा आणि तिच्याशी सारखं बोला," ते म्हणाले.

"त्याच्याबिगर घासच घेत नाय बाई ती," तेजस्वी रडवेली झाली. तरी तिने बंद केला.

पहिले चार दिवस रडून रडून राहीचा घसा बसला. मग हळूहळू ती खिचडी आपल्या हाताने खाऊ लागली, माझा पदर धरून हिंडू लागली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या तोंडून पहिला शब्द आला.

"ओ!"

मी आनंदाने वळले. राही मागच्या खिडकीकडे बघत होती. बाहेर नुसता कातळ आणि पिवळं गवत.

तिला कोणीच हाक मारली नव्हती.

मग ते रोजचंच झालं. खेळता खेळता थांबायची, कान द्यायची आणि ओ द्यायची. मी वेळा लिहून ठेवल्या. काही ताळमेळ लागेना. मी "राही" म्हटलं की मात्र ढिम्म.

"घरीपण करते," तेजस्वी हळूच म्हणाली. "काल तर दार उघडून चालायला लागली."

"कुठे?"

"कातळावर. दोघांनी धरली तरी आवरत नव्हती."

त्या दिवसापासून मी खिडकी लावून घेऊ लागले.

शुक्रवारी, मुलं जेवत असताना, राही ताटावरून उठली आणि दाराकडे निघाली. मी धावत जाऊन तिला उचललं. तिचं अंग गार लागलं.

"बाई," ती अगदी स्पष्ट बोलली, "आता तुमाला बोलवतायत."

मी कानोसा घेतला. बाहेर वारासुद्धा नव्हता. मला काहीही ऐकू आलं नाही.

मुलांचे घास हातातच राहिले होते. सगळी माझ्याकडे बघत होती.

शेवटी छोट्या वेदिकाने विचारलं,

"बाई, तुम्ही ओ कोणाला दिलीत?"