अबोल्याची कुंडी

ही गोष्ट खरी आहे. मी रचली असती तर तिच्यात एखादं नीटसं भूत घातलं असतं, मोकळ्या केसांचं, बघताक्षणी ओळखू येणारं. हिच्यात घेवड्याचं रोप आहे. खोटंच सांगायचं तर माणूस घेवडा कशाला निवडेल?

घडलं माझ्या मावसबहिणीच्या घरी. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमारास, त्यांच्या मागच्या खोलीत.

तिला सगळे रेडिओ म्हणतात. दात घासताना बोलते, पाणी पिताना बोलते, झोपेत बोलते आणि सकाळी उठून झोपेतलं वाक्य पूर्ण करते.

लिहायला बसली की मात्र... कोरा कागद.

त्या वर्षी विज्ञानाच्या लेखी परीक्षेत तिचं विमान कोसळलं होतं. बाईंनी स्पष्ट सांगितलं, प्रकल्प कर, परीक्षकांसमोर तोंडी नीट मांड, तरच वरच्या वर्गात ढकलते. नाहीतर पुढच्या वर्षी याच बाकावर, धाकट्या पोरांच्या सोबतीने.

म्हणजे सगळं तिच्या तोंडावर होतं. रेडिओला यापेक्षा सोपी अट कोणी घातली नसती.

वर्गात ज्वालामुखींची इतकी गर्दी झाली होती की बाईंनी नवीन उद्रेकांवर बंदी घातली होती. म्हणून रेडिओने विषय घेतला, बोलण्याचा रोपांवर होणारा परिणाम. तीन कुंड्या. माती एक, बियाणं एक, पाणी मापून, उजेड सारखा. पहिल्या रोपाचं रोज कौतुक करायचं. दुसऱ्याचा रोज अपमान. तिसऱ्याशी कोणी चकार शब्द बोलायचा नाही.

हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुलना त्याच्याशी होणार. बाईंनी बजावलं होतं, ते रोप असेल त्या खोलीत कोणाच्या तोंडून एक शब्द जरी निघाला तरी प्रयोग बाद. मग माझ्याकडे रडत यायचं नाही.

कौतुकाची कुंडी बैठकीच्या खोलीत ठेवली. रेडिओची आई येता-जाता तिला म्हणायची, "किती गं गुणी माझी बाय." रेडिओला हे वाक्य जन्मात ऐकायला मिळालं नव्हतं, त्यामुळे ती त्या रोपावर जराशी जळायची.

अपमानाचं खातं बाबांकडे. ते ऑफिसातून येत, बूट काढत, गॅलरीत जात आणि साहेबाला जे बोलता आलं नाही ते घेवड्याला बोलत. "तुला त्या खुर्चीत बसवलं कोणी?" असं ते रोपाला विचारत. रोपावर काही परिणाम दिसत नसे. बाबांचा रक्तदाब मात्र सुधारला.

आणि तिसरी कुंडी... मागच्या खोलीत.

कारण त्या खोलीत कोणी बोलतच नसे. आधीपासूनच.

ती मोठ्या काकांची खोली. मोठे काका म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ. दोघांचं एकदा वाजलं. कशावरून, तर चपलांचं कपाट दाराच्या उजवीकडे ठेवायचं की डावीकडे. हसू नका. मीही हसलो होतो. बाबांनी त्या दिवसापासून भावाशी अबोला धरला आणि घरालाही धरायला लावला. आई ताट वाढून भिंतीला सांगायची, "जेवण तयार आहे." मग काका भिंतीच्या वतीने येऊन ताट आपल्या खोलीत न्यायचे.

अशी वर्षं गेली.

रेडिओ त्याच घरात बोलायला शिकली आणि त्या दारासमोर गप्प राहायलाही. काका दारात खुर्ची टाकून बसलेले असत. ती दप्तर घेऊन निघाली की विचारत, "काय गं, कुठे निघालीस?"

ती ओठ घट्ट मिटून पुढे जाई. लहान होती. तिला वाटे, हा घरातला खेळ आहे.

मग एका दुपारी काकांनी आतून हाका मारल्या. बाबांना. नाव घेऊन. घरात सगळे होते.

कोणी ओ दिली नाही.

संध्याकाळी आई रिकामं ताट आणायला गेली. ताट भरलेलंच होतं...

असो.

रेडिओने कुंड्यांवर कागद चिकटवले. कौतुक. अपमान. अबोला. तिसरा शब्द वाचून बाबांचा चहाचा कप हातातच राहिला. ते म्हणाले, दुसरं काहीतरी लिही. ती म्हणाली, आता डिंक वाळला.

पहिल्या दोन कुंड्यांत कोंब आले. मागच्या खोलीत काहीच नाही. नुसती माती. रेडिओ रोज आत जाई, पाणी घाली आणि श्वास रोखून बाहेर येई. तिच्यासाठी ते पाण्याखाली पोहण्यासारखंच होतं. बाहेर आली की साठलेलं सगळं आईवर ओतायची.

मग एका सकाळी... रोप उगवलेलं होतं.

नुसतं उगवलेलं नाही. चांगलं वीतभर.

पुढच्या आठवड्यात त्याने कौतुकाला मागे टाकलं. आणि एक गोष्ट रेडिओला खटकली. बाकीची रोपं उजेडाकडे झुकली होती. या रोपाने खिडकीकडे पाठ फिरवली होती. ते दाराकडे झुकलं होतं.

जिथे काकांची खुर्ची असायची, तिकडे.

खुर्ची तर कधीच भंगारात गेली होती...

रेडिओच्या मनाला भूतबीत शिवलं नाही. तिला राग आला. घरातलं कोणीतरी गुपचूप आत जाऊन रोपाशी गप्पा मारतंय आणि आपलं वर्ष बुडवतंय, अशी तिची खात्री झाली. तिने आईला फैलावर घेतलं. आईने शपथ घेतली. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, त्या खोलीत मी पाऊल टाकत नाही, आणि अपमान करायला गॅलरीत निघून गेले.

शेवटी तिने आईचा मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून कुंडीमागे ठेवला, दार ओढून घेतलं आणि घर नेहमीसारखं चालू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कानात इअरफोनची बोंडं घालून ऐकायला बसली.

काहीच नाही.

खरोखरच काही नाही... आणि तिथेच तिला घाम फुटला.

कारण रेकॉर्डिंग चालू असताना स्वयंपाकघरात मिक्सर फिरत होता. बाबा घेवड्यावर खेकसत होते. ती स्वतः सतत बोलत होती, आणि तिचा आवाज शेजारच्यांना भिंत असूनही पाठ झालाय. यातलं काही म्हणजे काही आत पोचलं नव्हतं.

मग, अगदी शेवटी...

कोणीतरी घसा खाकरला.

खूप दिवस न बोललेला माणूस बोलायच्या आधी खाकरतो, तसा.

रेकॉर्डिंग तिथेच संपलं.

प्रदर्शनाची आदली संध्याकाळ आली. आई बाहेर गेली होती. बाबा गॅलरीत होते. रेडिओने दोन कुंड्या खोक्यात भरल्या. तिसरी राहिली. तिने मनात ठरवलं, आत जायचं, उचलायची, बाहेर यायचं.

तिने उंबरा ओलांडला आणि बाबांचा आवाज शब्दाच्या मधोमध तुटला. कोणी कान झाकावेत तसा.

दिवा लावला. रोप दाराकडे वाकून उभं होतं... ऐकत असल्यासारखं.

तिने कुंडी उचलली. आणि मागे, दारातून...

"काय गं, कुठे निघालीस?"

तोच आवाज. राग नाही, धमकी नाही. रोजचा प्रश्न.

उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. शाळेत निघालेय काका, प्रदर्शन आहे. एवढंच तर होतं. हिला घड्याळात किती वाजले विचारलं तरी ती यापेक्षा लांब उत्तर देते.

पण खोली नेमकी ती होती. एक शब्द, आणि प्रयोग बाद. वर्ष बाद.

तिने ओठ घट्ट मिटले.

दारात कोणीतरी वाट पाहत होतं. दिसत नव्हतं कोणी. वाट पाहणं तेवढं कळत होतं.

"तूसुद्धा बोलणार नाहीस?"

तिने मान खाली घातली, कुंडी छातीशी धरली आणि त्या दारातून बाहेर आली. उंबऱ्यापाशी हवा गार होती, फ्रिज उघडल्यासारखी.

मागून एकच शब्द आला.

"बरं."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात ज्वालामुखी फसफसत होते. परीक्षक रेडिओच्या टेबलाशी आले. रेडिओ म्हणते, इतकं सुंदर मी आयुष्यात बोलले नाही. माती, पाणी, उजेड, सगळं मुद्देसूद सांगितलं. तिसरं रोप असं का वाढलं हे मला माहीत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं.

परीक्षक तिच्याकडे बघत राहिले. मग मायेने म्हणाले, "घाबरू नकोस बाळ. सुरुवात कर."

तिने पुन्हा सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, पाणी हवंय का? तिने नको म्हटलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. बाई धावत आल्या, कानात पुटपुटल्या, डोळे वटारले. ती बाईंनाही सांगत होती, बाई, बोलतेय ना मी. शेवटी परीक्षक उसासा टाकून शेजारच्या ज्वालामुखीकडे वळले.

बाईंचं म्हणणं अगदी वेगळं. पोरगी ओठ घट्ट मिटून उभी होती. एक अक्षर बोलली नाही. वर्षभर जिला गप्प बसवता बसवता माझा घसा गेला, तिने नेमका आज सूड उगवला.

रेडिओ घरी आली. बाबा बैठकीत होते. त्यांनी विचारलं, काय गं, कसं झालं?

तिने रडत रडत सगळं सांगितलं. संध्याकाळचा आवाज, ते शेवटचं "बरं", परीक्षक, सगळं.

बाबा उत्तराची वाट पाहत होते.

त्यांनी पुन्हा विचारलं. मग जवळ आले. "माझ्याशी बोलायचं नाही का, पोरी?"

ती ओरडत होती. त्यांना दिसत होती मिटलेल्या ओठांची मुलगी, त्यांच्याकडे नुसती टक लावून बघणारी. ते ओठ त्यांनी आधीही पाहिले होते... त्यांनीच शिकवले होते.

बाबा उठले. मागच्या खोलीत गेले आणि जमिनीवर बसले. बाहेर आईला ऐकू आलं. "दादा, माझं चुकलं. हिला सोड."

आता रोज संध्याकाळी जाऊन बसतात. रोज तेच म्हणतात. तिथे कोणी ओ देत नाही.

डॉक्टर म्हणाले, गळा ठणठणीत आहे. रेडिओही त्या खोलीत जाऊन आली, काका काका म्हणून किती हाका मारल्या म्हणते. कोणी काही विचारलं नाही. वर्ष तर गेलंच.

हे सगळं तिने मला मोबाइलवर लिहून कळवलं. जिला चार ओळी लिहायचा कंटाळा, ती आता पानंच्या पानं लिहिते.

मी तिला भेटायला गेलो. ती समोर बसली, ओठ मिटून. मी एकटाच बडबडत होतो, विनोद करत होतो, रेडिओचं स्टेशन लागत नाहीये वगैरे. ती हसलीही नाही. निघताना चपला घालत होतो, तेव्हा तिचा मेसेज आला. इतका वेळ तुझ्याशी बोलत होते, एकदा तरी हं म्हणायचंस.

तो वाचत असताना पाठीमागे मागच्या खोलीचं दार... किंचित उघडं होतं.

"काय रे, निघालास?"

अशा गोष्टी मी पुष्कळ वाचल्यात. सगळ्यांत जो उत्तर देतो तो मरतो. मी हुशार माणूस. मी ओठ घट्ट मिटले.

"बरं."

काल घरी माझ्या आईने जेवायला हाक मारली. मी आलो म्हणालो. तिने पुन्हा मारली. मी पुन्हा आलो म्हणालो. मग ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, कशावरून रुसलायस एवढा?

लिहिलेलं पोचतं, असा रेडिओचा अनुभव. म्हणून हे इथे लिहितोय. वाचलंत तर खाली काहीतरी टाका. शिवी चालेल.

कारण रेडिओचे मेसेज यायचे थांबलेत. आज मावशीने कळवलं, पोरगी तुला दिवसभर लिहितेय, तू उत्तर का देत नाहीस?

मी मावशीला लगेच उत्तर लिहिलं.

तिने थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.