गाडीतल्या घड्याळात बारा अठरा

“बाबा, मिस्त्रीकाकांनी बॅटरीची तार खरंच काढली नव्हती?”

विचारलं एकदाचं! बाबांना तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. ठिणगीने ती जिंकली.

बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. “काढली असती तर एअरबॅग फुटली असती का? शाळेचा अभ्यास संपला वाटतं, म्हणून चौकशा! विषय बंद.”

विषय कसला बंद? काल संध्याकाळी पाचला बाबांच्या गॅरेजमध्ये धडाम आवाज झाला. स्टिअरिंग काढताना एअरबॅग मिस्त्रीकाकांच्या हातावर फुटली. मनगट मोडलं. वर बाबांनी ‘निष्काळजी’ म्हणून कामावरूनही काढलं. वीस वर्षांची नोकरी एका मिनिटात साफ!

ठिणगीने वही उघडली. काल धावत गेली तेव्हा दिसेल ते तिने टिपून ठेवलं होतं. बोटांना शाळेच्या प्रोजेक्टचा निळा स्प्रे लागलेला, त्यामुळे पानभर निळे ठसे.

भिंतीवरचं घड्याळ : पाच वाजून पाच.
गाडीतलं घड्याळ : बारा अठरा.
बॅटरी : जोडलेली.
काचा : चारही बंद.

ती थेट मिस्त्रीकाकांच्या घरी गेली. हात प्लॅस्टरमध्ये, चेहरा उतरलेला.

“तार कधी काढलीत, काका?”

“साडेचारला. तार काढली तरी एअरबॅगमध्ये करंट उरतो. म्हणून अर्धा तास थांबायचं. तेवढा वेळ गॅरेजच्या ऑफिसात तुझ्या आईच्या टेबलापाशी चहा पीत बसलो.”

“आणि काचा?”

“त्या आधीच खाली केल्या होत्या. नंतर बटणं चालत नाहीत ना.”

“परत आल्यावर तार बघितली नाहीत?”

काका कसनुसं हसले. “स्वतःच्या हाताने काढलेली तार पुन्हा कोण बघतं गं? तिथेच फसलो.”

काचा खाली होत्या! ठिणगीने वहीतली ‘चारही बंद’ ही ओळ पुन्हा वाचली.

जेवताना तिने वही ताटाशेजारी ठेवली.

“तार काढलीच नसती, तर गाडीतलं घड्याळ बरोबर चाललं असतं. तार पुन्हा जोडली की ते बारापासून सुरू होतं. पाच वाजून पाचला बारा अठरा, म्हणजे तार जोडली चार सत्तेचाळीसला. तेव्हा काका कुठे होते, आई?”

“माझ्यासमोर,” आई हळूच म्हणाली.

“काचा वर करायला बॅटरी लागते. आणि किल्ली. किल्ली कोणाच्या खिशात होती, बाबा?”

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

“मी शेजारी स्प्रे मारत होते. ‘बाबा, गाडीत रंग उडेल, काचा लावा ना!’ असं मीच ओरडले. तुम्ही तार जोडलीत, काचा वर केल्यात, आणि...”

“फोन आला,” बाबा ताटाकडे बघत म्हणाले. “तार तशीच राहिली. आवाज झाला तेव्हा आठवलं. सगळे जमले होते, तोंडच उघडेना. मग एकदा खोटं बोललो ते बोललोच.”

“अहो, त्यांचा हात मोडला! आणि तुम्ही वर त्यांनाच हाकललंत?” आई ताट सारून म्हणाली.

कोडं सुटलं होतं. ठिणगीला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण तिने वही मिटून टाकली.

ती उठून उभी राहिली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या सकाळी मिस्त्रीकाकांना घेऊन गॅरेजमध्ये येणार आणि सगळ्यांसमोर सांगणार. आधी माझी चूक. तुमची तुम्ही सांगितलीत तर बरं, बाबा. नाहीतर तीही मीच सांगेन.”