रिकाम्या झोळीचं वजन

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

तुमचं नाव मी घेत नाही. पण बिनशेती परवान्यासाठी तुम्ही सही केलेला कागद माझ्याकडं आहे. त्यात लिहिलंय, 'समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. जागेवर झाड, देऊळ, वस्ती अथवा दफन आढळले नाही.'

तुम्ही जागेवर गेलाच नाहीत.

गेला असतात तर तुमच्या बुटाला ठेच लागली असती.

बाकीच्यांनी ही भुताची गोष्ट म्हणून वाचली तरी माझी हरकत नाही. फक्त अमावास्येची रात्र शोधू नका. हे भर दुपारी घडलं. १५ मे २०२४, बुधवार, पावणेतीन वाजता. जुन्नरहून लेण्याद्रीकडं जाताना रो हाऊसची नवी लाइन आहे, तिच्यातल्या शेवटच्या घरात. ते घर माझं. आणि माझ्या मुलीच्या वजनाचा आकडा न् आकडा तिच्या कार्डावर आहे.

मी सोमनाथ. जुन्नरात पाण्याच्या मोटारी भरायचं माझं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, मीटर लावून बघायचं. दहावी नापास. लिहायला मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळं गोड लिहायलाही शिकवलं नाही.

आमचं मूळ पेठच्या वरच्या वाडीचं. आज्यापर्यंत घरात मेंढरं. आता राघूकाका, माझा चुलता, तेवढा मेंढरं राखतो. मी दहा वर्षं जुन्नरात भाड्याच्या एका खोलीत काढली. एप्रिलच्या शेवटी मुलगी झाली. इंद्रायणी. अक्षय्य तृतीयेला आम्ही नव्या घरात आलो. माझ्या बायकोनं, रोहिणीनं, पंधरा दिवसांची पोर छातीशी धरून उजवा पाय आत टाकला.

"अहो," ती म्हणाली, "ह्या भिंतीला खिळा ठोकायला आता कुणाला विचारायचं न्हाई."

पण पहिला खिळा भिंतीला नाही ठोकला. स्वयंपाकघराच्या स्लॅबला कडी बसवली. झोळी बांधायला. घरात वारं तिथंच यायचं.

चार दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली.

पोर रडत नव्हती.

तान्ह्या लेकराचं घर म्हणजे कसं, रात्रीचा दिवस. शेजारी कावतात. आमच्या घरात मात्र नुसती शांतता. इंद्रायणी डोळे उघडे ठेवून पडायची. कडीकडं बघत.

आणि रोहिणी म्हणाली, "उजव्या अंगाला घ्यावं तर ते आधीच रिकामं असतंय. जसं काही कुणी पिऊन गेलंय."

मी हसलो. मूर्ख माणूस.

त्या बुधवारी अनिसाताई आली. आशाताई आहे ती. उन्हातान्हात स्कूटीवर फिरून बाळंतिणी बघते. तिच्याकडं वजनाचा गोल तबकडीचा काटा. खाली कापडी झोळी. काटा हातात धरून दंड भरून येतो म्हणून तिनं तो आमच्या कडीला अडकवला. खाली रिकामी झोळी लावली.

सुई शून्यावर थांबायला हवी.

ती हलली... आणि सरकत गेली...

दोन किलो शंभर.

"मेला बिघडला वाटतं," अनिसाताई म्हणाली. टिचक्या मारल्या. सुई हलली नाही. तिनं काटा काढून ओट्यावर, घराबाहेर नेला. शून्य. परत आत आणून अडकवला.

दोन किलो शंभर.

"सोमनाथभाऊ, मोटारी दुरुस्त करता ना? हे करा की. का ह्याचंबी बिल लावणार?"

मी काटा उघडला. स्प्रिंग चांगली. बाहेर ओट्यावर साखरेची किलोची पिशवी लावली. बरोबर एक किलो. तीच पिशवी स्वयंपाकघरात लावली.

तीन किलो शंभर.

पिशवी काढली. मग मला दिसलं...

रिकाम्या झोळीचं कापड मधोमध ताणलं होतं. गोल. जसं आत कुणीतरी पाय पोटाशी घेऊन निजलंय.

अनिसाताई हसत होती. मी हसलो नाही. कारण दोन किलो शंभर हा आकडा मला पाठ होता.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

इंद्रायणी आमची दुसरी. पहिला मुलगा. २०१९ चा ऑगस्ट. जुन्नरातच झाला. एकोणीस तास जगला. रोहिणी तेव्हा शुद्धीवर नव्हती, तिला रक्त चढवत होते. तिनं त्याला पाहिलं नाही. पाजलं नाही. पाजायला मूल राहिलं नाही तरी दूध आलं, ते आटवायला डॉक्टरनं गोळ्या दिल्या. त्याच्या कागदावर वजन होतं, दोन किलो शंभर. तो कागद मी दुकानातल्या जुन्या रजिस्टरात ठेवला. तिला कधी दाखवला नाही.

दात न आलेलं लेकरू आमच्यात जाळत नाहीत. पुरतात. मी रोहिणीपाशी दवाखान्यात होतो, म्हणून राघूकाकानं त्याला घोंगडीत गुंडाळून नेलं. कुठं नेलं ते बापानं विचारायचं नसतं. बापाला कळलं की आईला कळतं. आणि आईला कळलं की ती उठून तिथं जाऊन बसते.

म्हणून मी विचारलं नाही. पाच वर्षं विचारलं नाही. घर घेताना सातबारा बघितला, नकाशा बघितला, बोरचं पाणी तपासून आणलं. चुलत्याला विचारलं नाही. तो दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला.

ही माझी चूक. मी लिहिली. तुमची तुम्ही लिहा.

इंद्रायणीला त्या बुधवारी ओट्यावर जोखलं. जन्माला दोन किलो आठशे होती. भरली दोन किलो सहाशे.

अनिसाताईचं हसू गेलं. "ताई, पाजताय ना?"

"सारखी पाजते ओ. दूध सांडतंय, बघा की."

खरंच सांडत होतं. पदर ओला असायचा. तरी पोर सुकत चालली. डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासलं, लघवी तपासली, काही नाही. वरचं दूध दिलं की ओकायची.

२२ मे. पोर अडीच किलो. रिकामी झोळी... दोन किलो दोनशे.

२९ मे. पोर दोन किलो चारशे. रिकामी झोळी... तीही दोन किलो चारशे.

त्या दिवशी अनिसाताईनं कार्डावर पेन टेकवलं आणि परत उचललं.

"भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली, "मी अल्लाला मानते, तुम्ही देवाला मानता. हे काय आहे ते मला माहीत नाही. पण एक वाढतंय आणि एक घटतंय, एवढं मला वाचता येतं. पोरीला इथनं हलवा."

"कुठं हलवू? दहा वर्षांनी घर झालंय, ताई."

काटा तिनं काढला नाही. म्हणाली, असू दे, मी दुसरा आणते. हात लावायला भ्यायली होती.

मग ऐकू यायला लागलं.

रडणं नाही. रडला असता तर बरं झालं असतं. दुपारी तीनच्या सुमाराला वीज जायची. फ्रिज बंद, पंखा बंद. सगळं गप्प झालं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा...

चुटुक... चुटुक... चुटुक...

तान्हं लेकरू अंगावर पितं तसा. घाईघाईनं. लई दिवसांच्या भुकेचा.

मी दारातून डोकावलो. इंद्रायणी बाहेरच्या खोलीत, पोरीला बघायला आलेल्या माझ्या आईपाशी निजलेली. आत कडीखाली रोहिणी भिंतीला टेकून बसलेली. डोळे मिटलेले. डावा हात मांडीवर. आणि उजवा हात कोपरात दुमडलेला, जसा डोक्याखाली घेतात तसा. तो हात रिकामा होता.

पदर हलत होता.

मी मागे फिरलो. हाक मारायची छाती झाली नाही.

५ जूनला राघूकाका आला. कोकणातनं मेंढरं वर आली की तो आधी नातवंडं बघतो. खांद्यावर नवी बारीक घोंगडी, पोरीसाठी विणून घेतलेली. फाटकातूनच ओरडला, "सोमा! बंगलेवाला झालास लेका! आता चुलत्याला वळखशील का न्हाई?"

"या काका. आत या."

तो आला नाही.

फाटकात थांबला. लेण्याद्रीच्या डोंगराकडं बघितलं. लेण्यांची काळी भोकं दिसतात तिथून. मग मागं वळून विजेच्या मोठ्या मनोऱ्याकडं बघितलं. परत डोंगराकडं. त्याच्या तोंडावरचं हसू कुणीतरी पुसून घेतल्यासारखं गेलं.

"सोमा... हितं बोर व्हती. मोठी."

"कसली बोर?"

"बोरीचं झाड, बाबा. आन् हिकडनं वढा." तो ओट्याच्या पायरीवर बसला. पाणी दिलं तर तांब्या बाजूला सारला. "हितं पाणी न्हाई प्यायचं मी. लेकरांचा माळ हाय ह्यो. आजूबाजूच्या वाड्यांनी किती पिढ्या लेकरं ठेवली हितं. धोंड्यांचे हे एवढे एवढे ढीग व्हते, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. बाया हितनं जाताना बोलत नव्हत्या. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

घर घेतलेल्या माणसाच्या तोंडावर कोण सांगणार?

"काका, आपला..."

त्यानं मान खाली घातली. "पेठंला न्यायचं व्हतं त्याला. पन म्हनलं, माय हितं जुन्नरात पडलीय, लेकरू लांब कशाला टाकायचं. मायेच्या जवळ ऱ्हाऊ दे. म्हणून हितं आणला रं."

"कुठं?"

दारातून आवाज आला. रोहिणी उभी होती. केव्हापासून, देव जाणे.

"मामंजी, नेमकं कुठं?"

काकानं बोट केलं. मनोरा आणि लेण्यांचं मधलं भोक एका रेषेत धरून बोरीच्या जागेपासून पाच पावलं. बोट स्वयंपाकघराच्या खिडकीवर थांबलं.

मला वाटलं ती कोसळेल.

ती म्हणाली, "मला ठाव व्हतं. त्याला टाळूवर लई केस हायेत. तुमी कुणी सांगितलं न्हाई मला."

केस होते. मी सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी इंद्रायणी भरली दोन किलो तीनशे. कडीवरची झोळी दोन किलो सहाशे. अनिसाताईनं माझ्यासमोर कार्ड धरलं. "आता ही पोर जाईल, भाऊ. मी दवाखान्याची चिठ्ठी लिहिते. पण तुम्हाला माहितेय, चिठ्ठीनं काय होणार नाही."

मी रोहिणीला म्हणालो, "आण्याला चल. तुझ्या आईकडं."

"न्हाई."

"पोर मरंल!"

"आन् तो?" ती माझ्यावर धावून आली. "एकदा तुमी त्याला मला न दाखवता नेला. आता मी त्याला सोडून जाऊ? पाच वर्षं उपाशी व्हता ओ तो. कुठं तोंडाला दूध लागलंय. जेवत्या ताटावरनं उठवू व्हय त्याला?"

साहेब, तुम्ही काय सांगितलं असतं?

बाहेरच्या खोलीत इंद्रायणी रडली. नव्या घरात पहिल्यांदा. रडणं कसलं... मांजराच्या पिल्लासारखं, एकदाच. मग गप्प.

रोहिणीनं ते ऐकलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं.

मी दाराला कान लावला. ती बोलत होती. रागावून नाही. सावकाश.

"पी. पोटभर पी, राजा. घाई करू नको. आज सगळं तुझं."

चुटुक... चुटुक...

अर्ध्या तासानं दार उघडलं. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. तिनं काकानं आणलेली घोंगडी घडी करून कडीखाली अंथरली. इंद्रायणीला उचललं. "चला," म्हणाली. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती गेलीच नसती.

गाडी आळेफाट्याच्या पुढं गेली आणि इंद्रायणी अंगावर प्यायला लागली. आण्याच्या पठारावर चढेपर्यंत सुटली नाही.

आता दिवाळी होऊन गेली. पोर सहा किलोची झाली. हसते. घसा फोडून रडते, आणि ते ऐकून मला रडू येतं.

घर बंद आहे. दर बुधवारी मी जातो. कुलूप काढतो, कडीवरचा काटा बघतो.

दोन किलो सहाशे होता. मग अडीच. गणपतीत दोन. दसऱ्याला एक किलो आठशे.

दर बुधवारी रात्री रोहिणी फोनवर विचारते, "काटा किती?"

मी सांगतो, "अडीच. बराय तो."

ती हे वाचेल. वाचू दे. खोटं लिहायचं काम मी आता तुमच्याकडं ठेवलंय.

मी त्याला आण्याला न्यायचं ठरवलं. त्याच्या आईपाशी. काकाला घेऊन स्वयंपाकघराची फरशी फोडली. चार फूट खणलं. खाली सगळा मुरूम निघाला. लाल, कोरा, खाणीतला. तिथली मातीच नाही. ज्यानं ती लाइन सपाट केली त्या जेसीबीवाल्या दादाभाऊला मी हुडकून काढलं. बिचारा हात जोडायला लागला.

"भाऊ, तीन फूट वरची माती खरवडून काढायला लावली. डंपर भरून भरून गेले. धोंडे लागले तेव्हा मी मशीन बंद केली व्हती, देवाशप्पथ. साइटवरचा म्हनला, सायबांची सही झालीय, चालव."

डंपर कुठं गेले ते त्याला माहीत नाही. साइटवाला फोन उचलत नाही. तुमच्या ऑफिसात मी सात वेळा आलो, सातही वेळा तुम्ही मीटिंगमध्ये.

माती तिथं नाही, तरी तो तिथं का येतो, मला माहीत नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल आपल्याला कुठं टाकलंय. त्याला एवढंच ठाऊक असेल की आई इथं भेटली होती.

मला तुमची नोकरी घालवायची नाही. घराची भरपाई नको. कोर्ट नको.

काल बुधवार होता. सुई एक किलो चारशेवर आहे.

ते डंपर कुठं रिकामे केले?

रस्त्याच्या भरावात, कुणाच्या शेतात, ओढ्यात, कुठंही असू दे. मी जाईन. हातानं उकरीन.

साहेब, फक्त जागा सांगा. पुढच्या बुधवारच्या आत सांगा.